वीज आणि पाणी तोडलेले लिलावातील घर भाड्याच्या उत्पन्नासाठी घ्यावे का?

लातूरच्या शिकवणी परिसरालगतचे एक दुमजली घर बँकेच्या ई-लिलावात निघाले असून ते घ्यावे का, असा एका गृहस्थांचा प्रश्न आहे. वर-खाली मिळून विद्यार्थ्यांना भाड्याने देण्याच्या सहा खोल्या आहेत, आधीचे दोन लिलाव बोलीविना गेल्यामुळे राखीव किंमत (जिच्याखाली बोली चालत नाही ती) उतरली आहे, विजेचे मीटर काढून नेलेले आहे, नळाला पाणी नाही, आवारात एक बोअर आहे पण त्यातली मोटर आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही आणि खालच्या एका खोलीत एक कुटुंब राहते, ज्याने शेजारच्या घरातून वायर ओढून दिवा लावला आहे. "वीज-पाण्याची थकबाकी भरून टाकली की घर चालू होईल ना?" हा त्यांचा नेमका प्रश्न आहे.

मी बँकांसाठी मालमत्तांचे मूल्यांकन करतो आणि लिलावात बोली लावू इच्छिणाऱ्यांसाठी घरांची पाहणीही करतो. मराठवाड्यातील अशी बरीच घरे आतून पाहिल्यावर बनलेले माझे मत असे आहे की थकबाकी हा या व्यवहारातला सर्वांत सोपा भाग आहे, कारण ती कागदावर असते आणि तिचा आकडा बोलीपूर्वी काढता येतो. खरी अडचण अशी आहे की वीज आणि पाणी नसल्यामुळे घराची परीक्षाच घेता येत नाही. माळेगावच्या यात्रेत चालवून पाहिल्याशिवाय कोणी बैलाचे दावे हातात घेत नाही. इथे मात्र लाखो रुपयांची वस्तू उभी असलेलीच पाहून घ्यायची असते. तेव्हा थकबाकी किती आहे याच्या जोडीला पुरवठा का आणि केव्हापासून बंद आहे, त्या काळात घराचे काय झाले असेल आणि ते पुन्हा चालू होईपर्यंत आपले पैसे किती काळ अडकून राहतील, हे विचारावे लागेल. यातल्या पुष्कळ गोष्टी त्या विशिष्ट घरावर आणि तिथल्या कागदांवर अवलंबून आहेत, म्हणून मी घ्या किंवा घेऊ नका असे सरळ सांगत नाही. माझ्याकडे असे घर आले तर मी कोणत्या क्रमाने विचार करतो, ते मात्र मांडतो.

आधी विजेचे पाहू. मीटर काढून नेले आहे याचा अर्थ बहुधा जोडणी 'पीडी' म्हणजे कायमस्वरूपी खंडित झाली आहे. अशा वेळी जुने बिल भरून फ्यूज बसवला की काम झाले असे होत नाही. नव्या जोडणीसाठी अर्ज करावा लागतो आणि त्या जागेवर जुनी थकबाकी दिसत असेल तर अर्ज तिथेच अडतो. जुना ग्राहक क्रमांक बारा अंकी असतो. तो मीटरच्या पेटीवर, पेटीशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहिलेला किंवा दारातून सरकवलेल्या एखाद्या जुन्या बिलावर सापडतो. मी नेहमी सगळ्या पेट्या मोजतो, कारण भाड्याच्या घरात अनेकदा दोन-तीन मीटर वेगवेगळ्या नावांवर असतात. त्यांपैकी एक भाडेकरूच्या नावावरचे असते आणि बँकेच्या कागदांत त्याचा उल्लेखही नसतो. हे क्रमांक घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जावे आणि थकबाकीची फोड मागावी : मूळ रक्कम किती, व्याज आणि विलंब आकार किती, आणि कलम 126 अन्वये काही निर्धारण झाले आहे का. घरगुती जोडणीचा अनधिकृत वापर आढळला असेल तर वीज कायदा 2003 च्या या कलमाखाली संबंधित दराच्या दुप्पट आकारणी होते. ती रक्कम कधीकधी मूळ थकबाकीपेक्षा मोठी असते.

ही थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करता येते का, याबद्दल लोकांत फार गैरसमज आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2023 रोजी केरळ राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात दिलेल्या निकालाचा सारांश असा की नियमांत तशी तरतूद असेल तर जुन्या ग्राहकाची थकबाकी भरण्याची अट वीज कंपनी नव्या मालकाला घालू शकते, आणि 'जसे आहे, जिथे आहे' या तत्त्वावर लिलावात घेणाऱ्याने ही चौकशी आधीच करायला हवी होती असे धरले जाते. महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या 2021 च्या पुरवठा संहितेत अशी तरतूद आहे, मात्र त्याच तरतुदीत एक संरक्षणही आहे : वारसाकडे हस्तांतर होत असेल तो अपवाद सोडता, नव्या मालकावर येणारा भार जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या न भरलेल्या वीज आकारापुरता मर्यादित आहे. म्हणून कार्यालयाने चार-पाच वर्षांचा सव्याज आकडा पुढे ठेवला तर गोंधळून न जाता या मर्यादेकडे लेखी लक्ष वेधावे. मात्र बोलीचे गणित मांडताना मी पूर्ण आकडाच धरतो, कारण हक्क आपल्या बाजूने असला तरी तो मिळवण्यात महिने गेले तर त्या महिन्यांचे भाडे आपलेच बुडते. व्याजमाफीच्या योजनाही अधूनमधून येतात. 31 मार्च 2024 पूर्वी कायमस्वरूपी खंडित झालेल्या जोडण्यांसाठी महावितरणने 1 सप्टेंबर 2024 पासून अभय योजना राबवली होती आणि तिच्यात मूळ रक्कम भरल्यास व्याज व विलंब आकार माफ होता. अशी योजना आपल्या वेळी चालू असेलच असे गृहीत धरून बोली वाढवू नये.

पाणीपट्टी आणि घरपट्टी यांची चौकशी एकाच फेरीत होते. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात मालमत्ता क्रमांकावरून दोन्हींची थकबाकी काढून घ्यावी. थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, त्यामुळे पाच-सहा वर्षे बंद असलेल्या घरात मुद्दलाच्या जोडीला शास्तीचाही मोठा बोजा साचलेला दिसतो, आणि ती भरल्याशिवाय नाव लागत नाही. लिलावाच्या नोटिशीत 'ज्ञात बोजे' या रकान्यासमोर बँकेने 'माहीत नाही' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ बोजा नाही असा घेऊ नये. बँकेने चौकशी केलेली नाही, एवढाच तो अर्थ आहे. नळजोडणी तोडली होती की मुळात अधिकृत जोडणी कधी घेतलीच नव्हती, हेही विचारावे. गुंठेवारीतल्या, म्हणजे रीतसर मंजुरीविना पाडलेल्या लहान भूखंडांवरच्या, घरांत दुसरी शक्यता बरीच असते, आणि मग प्रश्न थकबाकीचा न राहता नियमितीकरणाचा होतो. तो सुटल्याखेरीज अधिकृत नळ मिळण्याची आशा धरू नये.

आता ज्या भागाकडे बहुतेक खरेदीदार दुर्लक्ष करतात तो भाग, म्हणजे घराची प्रत्यक्ष अवस्था. बंद घरात वीज नसते तेव्हा चोरांना भीती नसते. नांदेडच्या एका बंद घरात सगळे स्विचबोर्ड जागच्या जागी, स्क्रू घट्ट, प्लेटा पुसल्यासारख्या स्वच्छ होत्या. वायरमनने एक प्लेट उघडली तेव्हा आत बोटाएवढी वायरची टोके तेवढी उरलेली होती आणि पाइपमधून सगळे तांबे ओढून नेलेले होते. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे नव्याने वायरिंग करावे लागेल अशी शंकाही आली नसती. म्हणून पाहणीच्या दिवशी सोबत चांगला वायरमन न्यावा आणि प्रत्येक मजल्यावरचे किमान दोन बोर्ड उघडून घ्यावेत. वायर जागेवर असेल तर तिची तपासणी पुरवठा नसतानाही करता येते, कारण मेगर हे उपकरण स्वतःच दाब निर्माण करते. एकेक सर्किट सुटे करून वायर आणि अर्थिंग यांमधला रोध मोजला आणि तो एक मेगाओहमच्या खाली आला तर ती वायरिंग मी निकामी धरतो. ओल लागलेल्या जुन्या पाइपांत असे बरेचदा आढळते. नव्या जोडणीच्या अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावाच लागतो, त्यामुळे हा खर्च टळत नाही. तो बोलीच्या आधी कळतो की नंतर, एवढाच फरक आहे. विद्यार्थ्यांच्या सहा खोल्या म्हणजे कूलर, गिझर आणि पाण्याची मोटर यांचा भार आलाच. जुना मंजूर भार एका कुटुंबापुरता असेल तर थ्री-फेज जोडणीचा विचारही याच वेळी करावा.

पाण्याच्या बाबतीत तपासणी अवघड आहे, कारण नळवाहिनीतला दोष पाणी भरल्याशिवाय बोलत नाही. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा असेल आणि लिलाव हाताळणारे बँकेचे प्राधिकृत अधिकारी परवानगी देत असतील, तर स्वखर्चाने एक टँकर मागवून गच्चीवरची टाकी भरावी. आधी टाकीच पाहावी, कारण आपल्याकडच्या उन्हात वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली प्लास्टिकची टाकी कडक होऊन तडकते. टाकी भरली की सगळे नळ आणि फ्लशचे कॉक बंद करून पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारावी आणि घर रात्रभर तसेच सोडावे. मी केलेल्या अशा एका चाचणीत सकाळपर्यंत पाणी रेघेखाली वीतभर उतरले होते, आणि खालच्या मजल्यावर न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीत स्कर्टिंगच्या वर ओलीचा मोठा डाग उमटला होता. त्या भिंतीला नुकताच रंग दिलेला होता, त्यामुळे कोरड्या अवस्थेत तिथे काहीच दिसले नसते. न्हाणीघरांच्या फरशीवर पाणी तुंबवून दुसऱ्या दिवशी खालच्या छताची पाहणी करावी. मग सगळे पाणी एकदम सोडून बाहेरच्या चेंबरची झाकणे उघडून पाहावे. बंद काळात सेप्टिक टँकमधला गाळ घट्ट बसतो आणि पिंपळासारख्या झाडांची मुळे पाइपांत शिरतात. सहा खोल्यांतले विद्यार्थी सकाळी एकाच वेळी आंघोळीला गेले की हे सगळे पहिल्याच आठवड्यात वर येते.

लातूरच्या काळ्या मातीत गळतीचा परिणाम नळाच्या दुरुस्तीवर थांबत नाही. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पाया उथळ असेल आणि जमिनीखालच्या वाहिनीला गळती असेल, तर पाणी सुरू केल्यावर पायाच्या एकाच बाजूची माती फुगून भिंतींना तिरप्या चिरा जातात. घर चार वर्षे कोरडे असताना त्या बाजूला काहीच हालचाल झालेली नसते, आणि म्हणून पाहणीच्या दिवशी भिंत निर्दोष दिसते. जोत्याजवळच्या आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतल्या चिरा मी बारकाईने पाहतो. चीर नुसती बुजवली आहे की तिच्या दोन्ही कडांची पातळी वर-खाली झाली आहे, यावरून पुष्कळ समजते. शक्य असल्यास अशी पाहणी मे महिन्यात करावी, कारण तेव्हा माती सर्वांत जास्त आकसलेली आणि चिरा सर्वांत रुंद असतात.

बोअरबद्दल विक्रेत्याच्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडी माहितीवर अजिबात विसंबू नये. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी खडकाच्या झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांतच मिळते, त्यामुळे जास्त खोल बोअर म्हणजे जास्त पाणी हा हिशेब चुकतो. ऑक्टोबरमध्ये भरभरून चालणारे बोअर एप्रिलमध्ये कोरडे पडल्याची उदाहरणे प्रत्येक गल्लीत सापडतात. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात विद्यार्थी किंवा त्यांचे पालक खोली घेताना पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतात, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको. बोअरच्या तोंडात दोर सोडून पाण्याची पातळी बघावी, केसिंगमध्ये दगड टाकलेले नाहीत ना ते पाहावे, आणि परवानगी असल्यास भाड्याचा जनरेटर व मोटर लावून तासभर उपसा करून बघावा. हे जमत नसेल तर बोअर नाही असेच समजून उन्हाळ्यातल्या टँकरचा खर्च वार्षिक भाड्यातून वजा करावा.

इतक्या चाचण्या करू देतो कोण, असे आपण म्हणाल, आणि ते रास्त आहे. नोटिशीत पाहणीचा एक दिवस दिलेला असतो, आणि बँकेकडे सांकेतिक म्हणजे फक्त कागदोपत्री ताबाच असेल तर आत पाऊलही टाकता येत नाही. म्हणून नोटिशीतला 'ताब्याचा प्रकार' हा शब्द आधी वाचावा. प्रत्यक्ष ताबा असेल तर प्राधिकृत अधिकाऱ्याला चाचणीसाठी लेखी विनंती करावी. परवानगी मिळाली नाही, तर माझा नियम साधा आहे : वायरिंग, नळवाहिनी, मोटर, टाकी आणि ड्रेनेज सगळे नव्याने करावे लागेल असे धरून स्थानिक ठेकेदाराकडून अंदाज घ्यायचा आणि तो पूर्ण बोलीतून वजा करायचा. प्रत्यक्षात काही वाचले तर ते आपले. सांकेतिक ताब्याच्या घरावर, भाड्याचे उत्पन्न हाच हेतू असलेल्या आणि कर्ज काढून घेणाऱ्या माणसाने बोली लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे म्हणण्याचे कारण पैशाच्या वेळापत्रकात आहे. बँकांना थकीत कर्जासाठी गहाण मालमत्ता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालील 2002 च्या नियमांनुसार बोली मान्य झाल्यावर 25 टक्के रक्कम, बयाणा (बोलीपूर्वी भरलेली अनामत) धरून, त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. लेखी संमतीने मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही, आणि ती चुकली तर भरलेले पैसे जप्त होतात. आपल्या बाजूचे पैसे असे काही आठवड्यांत जातात. दुसऱ्या बाजूला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून कलम 14 खाली प्रत्यक्ष ताबा मिळवणे, नाव लावणे, थकबाकीचा निपटारा, चाचणी अहवाल, वीजजोडणी, नळासाठी रस्ता खोदण्याची परवानगी हे सगळे एकामागून एक चालते, कारण एकाचा कागद दुसऱ्याला लागतो. कर्जदाराने कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केला असेल तर आणखी विलंब. लातूरच्या खोल्या प्रामुख्याने मे ते जुलै या प्रवेशाच्या दिवसांत भरतात. तो हंगाम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत खोल्या रिकाम्या किंवा पडत्या भाड्यात. समजा महिन्याला 24 हजार रुपये भाड्याची अपेक्षा आहे. तर एक हंगाम चुकल्यास जवळपास 2 लाख 88 हजार रुपये जातात, आणि कर्जाचे हप्ते त्याच काळात चालूच राहतात. उतरलेली राखीव किंमत या आकड्यासमोर ठेवून पाहावी.

राहिला प्रश्न खालच्या खोलीतल्या कुटुंबाचा. ते भाडेकरू आहेत की जुन्या मालकाने राखणदार म्हणून ठेवलेले आहेत, हे त्यांना भेटून, चहापाणी करून, आदराने विचारावे; बहुतेक वेळा लोक खरे सांगतात. करार नोंदणीकृत आहे का, तो बँकेकडे घर गहाण टाकण्याच्या आधीचा आहे की नंतरचा, भाड्याच्या पावत्या आहेत का, हे पाहावे. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या जुन्या भाडेकरूला केवळ बँकेच्या कारवाईने बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले आहे. कागद नसलेल्या किंवा बँकेच्या मागणी नोटिशीनंतर झालेल्या तोंडी भाडेपट्ट्याला मात्र 2019 च्या निकालानंतर फारसा आधार उरलेला नाही. ते खरे भाडेकरू ठरले तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 कडेही लक्ष द्यावे. त्यानुसार घरमालकाला सबळ कारणाशिवाय वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवा रोखता येत नाहीत, आणि मालक झाल्यावर ती जबाबदारी आपल्याकडे येते. शेजारून ओढलेली वायर मालक झाल्याच्या दिवसापासून चालू ठेवू नये. अपघात झाला तर माणसाचा जीव जातो, आणि तपासणीत सापडली तर शेजारी आणि आपण दोघेही अडचणीत येतो.

आपल्या प्रकरणात, बयाणा भरण्याच्या तारखेपूर्वी, मी पुढील गोष्टी हातात घेतल्याशिवाय पाऊल टाकणार नाही : ताबा प्रत्यक्ष आहे असे बँकेचे लेखी उत्तर, न्यायाधिकरणात प्रकरण प्रलंबित आहे की नाही याची माहिती, सर्व ग्राहक क्रमांकांची महावितरणकडील थकबाकीची फोड, आणि महापालिकेचा मालमत्ता क्रमांकानिहाय उतारा. त्यानंतर वायरमन आणि प्लंबर यांना घेऊन पाहणीचा दिवस पूर्णपणे वापरावा. बँकेने ताबा सांकेतिक असल्याचे सांगितले, तर या लिलावातून बाजूला राहावे. दोनदा बोलीविना गेलेले घर तिसऱ्यांदाही तसेच जाण्याची शक्यता बरीच असते, आणि तोवर बँकेने प्रत्यक्ष ताबा घेतलेला असेल तर हाच विचार त्या वेळी चांगल्या पायावर करता येईल.